हायपोथॅलॅमसला भूक-तहान कळते कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरीरक्रियाशास्त्र शिकवायला लागल्यापासून हायपोथॅलॅमसबद्दल जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र लिहून काढलेत. त्यातल्या निम्म्या प्रश्नांच्या मागे एकच काळजी असते, "मला एवढी भूक का लागते, माझ्या मनात जोर कमी आहे का", आणि ती काळजी मला फार मनाला लागते कारण भुकेवरून माणसाला जेवढं बोललं जातं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशावरून बोललं जात असेल. म्हणून भूक आणि तहान यावर भरपूर लिहिलंय, बाकीचं थोडक्यात.

हायपोथॅलॅमस म्हणजे नक्की काय आणि तो कुठे असतो?

मेंदूच्या अगदी तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरासा वर, बदामाएवढा भाग. वजन साधारण ४ ग्रॅम, आणि पूर्ण मेंदू असतो १३००-१४०० ग्रॅमचा, म्हणजे शेकड्यात अर्धासुद्धा हिस्सा नाही. याच्या खालीच एका देठावर पियुषिका ग्रंथी लटकलेली असते आणि तिच्यामार्फत हा थायरॉइड, किडनीवरच्या ग्रंथी, बीजकोश, वृषण सगळ्यांना निरोप धाडतो. आत पेशींचे वेगवेगळे पुंजके आहेत, कुणी भुकेचं बघतं, कुणी तहानेचं, कुणी तापमानाचं, कुणी दिवसरात्रीचं, पण भिंती घालून वेगळी केलेली खाती नाहीत ही, सगळे एकमेकांशी बोलत असतात.

हायपोथॅलॅमसला इशारे मिळतात म्हणतात, ते कसले?

दोन प्रकारचे. एक आतून येणारे, म्हणजे रक्तात मीठ किती, साखर किती, चरबीचा साठा किती, रक्त किती गरम आहे. दुसरे बाहेरून येणारे, म्हणजे जेवण दिसलं, वास आला, उजेड पडला, बाळ रडलं. पूर्वी असं मानायचे की हायपोथॅलॅमस आतलेच इशारे ऐकतो आणि घरातल्या थर्मोस्टॅटसारखा कमी-जास्त करत बसतो. गेल्या १०-१५ वर्षांत हे चित्र बरंच बदललंय, तो बाहेरचं पण ऐकतो आणि पुढे काय होणार याचा अंदाज बांधून आधीच हालचाल करतो. खालच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट परत परत येईल.

भूक पोट रिकामं झालं म्हणून लागते ना?

थोडीफार. १९१२ मध्ये वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात त्याचा सहकारी वॉशबर्न याने चक्क एक फुगा गिळला, तो पोटात फुगवला, आणि पोट आकुंचन पावायचं तेव्हाच त्याला भूक जाणवायची असं दिसलं. पण ज्यांचं जठर ऑपरेशनने काढून टाकलंय त्यांनाही भूक लागते, म्हणजे पोटातली गुरगुर हे पूर्ण उत्तर नाही.

खरं काम रक्तातून येणाऱ्या निरोपांवर चालतं. रिकाम्या जठरातून ग्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं, ते जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं. चरबीच्या पेशींतून लेप्टिन सुटतं, ते जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने १९९४ मध्ये शोधलं. ग्रेलिन म्हणतं "आत्ता काही आलेलं नाही", लेप्टिन म्हणतं "साठा आहे, घाबरू नका". दोघांचे निरोप हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेल्या आर्क्युएट नावाच्या पुंजक्यात पोचतात आणि तिथे शेजारीशेजारी दोन प्रकारच्या पेशी बसलेल्या असतात, एक भूक पेटवणाऱ्या, त्यांना एजीआरपी पेशी म्हणतात, आणि दुसऱ्या भूक शमवणाऱ्या, त्या पीओएमसी पेशी. ग्रेलिन पहिलीला चेतवतं, लेप्टिन पहिलीला दाबतं आणि दुसरीला उठवतं.

या एजीआरपी पेशींची ताकद किती ते २०११ मध्ये दिसलं. उंदराच्या मेंदूत या पेशी जेमतेम काही हजार असतात. प्रकाशाच्या झोताने फक्त तेवढ्याच पेशी चालू करता येतील अशी सोय करून दिवा लावला, तर पोटभर जेवलेले उंदीर काही मिनिटांत वखवखल्यासारखे खायला लागले. दिवा बंद, खाणं बंद. त्यांचं पोट भरलेलंच होतं, साखर नीट होती, कशाचीच कमतरता नव्हती. मी हे वर्गात सांगते तेव्हा दरवेळी एक क्षण सगळे गप्प होतात, कारण त्या उंदराला कोणी "मनावर ताबा ठेव" असं म्हणू शकत नाही हे सगळ्यांना एकदम कळतं.

जेवण नुसतं दिसलं तरी मेंदूत काही होतं का?

होतं, आणि जे होतं ते अपेक्षेच्या बरोबर उलटं आहे. २०१५ मध्ये झॅकरी नाइट यांच्या प्रयोगशाळेने जाग्या, फिरत्या उंदरांच्या एजीआरपी पेशींची हालचाल थेट मोजली. उंदीर उपाशी, पेशी जोरात पेटलेल्या. मग समोर खाणं ठेवलं. सगळ्यांना वाटलं होतं की उंदीर खाईल, अन्न पोटात जाईल, रक्तात उतरेल आणि हळूहळू पेशी शांत होतील. पण खाणं नुसतं दिसलं, वास आला, एक घासही तोंडात गेला नव्हता तेवढ्यात पेशी काही सेकंदांत शांत झाल्या. खाणं जितकं आवडीचं तितक्या जास्त शांत. आणि खाणं परत उचलून नेलं तर पुन्हा पेटल्या.

म्हणजे हायपोथॅलॅमस पावती आल्यावर हिशोब लिहित नाही, जेवण समोर आलं की "आता एवढं पोटात जाणार" असा आगाऊ अंदाज मांडून मोकळा होतो. नंतर आतडं तो अंदाज तपासतं. बिनकॅलरीचं काहीतरी खायला दिलं तर पेशी थोडा वेळच गप्प राहतात आणि मग परत उठतात, खऱ्या कॅलरी आतड्यात पोचल्या तरच शांतता टिकते. नुसतं काहीतरी चघळून भूक मारायचा प्रयत्न थोड्या वेळाने का फसतो याचं एक उत्तर इथे सापडतं.

पण मग जेवण दिसल्यावर भूक वाढल्यासारखी का वाटते? पेशी तर शांत होतात ना?

हा प्रश्न फार चांगला आहे आणि शास्त्रज्ञांमध्ये यावर अजून वाद आहेत. एक बाजू सांगते की एजीआरपी पेशी पेटलेल्या असणं ही एक बोचणी आहे, उंदीर ज्या जागी ही बोचणी झाली ती जागा टाळायला लागतात, त्यामुळे जे केल्याने बोचणी थांबते ते करायला प्राणी शिकतो. दुसरी बाजू सांगते की पेशी शांत झाल्या तरी आधी पेटलेल्याचा परिणाम बरीच मिनिटं मागे उरतो आणि तो खाण्याला ओढ लावत राहतो. मला वाटतं दोन्हीत तथ्य आहे. शिवाय वास आणि चव हायपोथॅलॅमसच्या बाहेरच्या, डोपामिन नावाच्या मेंदूतल्या रसायनाच्या रस्त्यांनाही हलवतात, तोंडाला पाणी सुटतं, थोडं इन्सुलिन आधीच सुटतं, त्यामुळे आपल्याला जे "भूक चाळवली" असं वाटतं ते कितीतरी गोष्टींचं मिळून असतं.

तहानेचं पण असंच आहे का?

हो, आणि हे कोणालाही स्वतःवर बघता येतं. रात्री घसा कोरडा पडून जाग येते, अंधारात चाचपडत तांब्या हाताला लागतो, पहिले दोनतीन घोट जातात आणि चौथ्या घोटाला "हां, बरं वाटलं" होतं. आता विचार करा, ते पाणी अजून जठरातच आहे. ते आतड्यात जाऊन रक्तात मिसळायला आणि रक्ताची दाटी कमी व्हायला १० मिनिटं किंवा जास्तच लागणार. रक्त होतं तेवढंच खारट आहे, मग तहान गेली कशी?

तहान मोजणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या पुढच्या कडेला आणि त्याला लागून असलेल्या छोट्या भागांत असतात. इथे रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा मुद्दाम विरळ असतो म्हणून या पेशींना रक्ताची चव थेट कळते. रक्ताची दाटी नुसती १-२ टक्के वाढली तरी तहान लागते, एवढी बारीक नजर. १९५३ मध्ये स्वीडनच्या बेंट अँडरसन यांनी शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये खारट पाण्याचा अगदी छोटा थेंब टोचला तर शेळ्या थोड्याच वेळात घटाघटा पाणी प्यायला लागल्या.

आणि २०१६ मध्ये उंदरांत दिसलं की पाणी प्यायला सुरुवात केल्यावर या तहानेच्या पेशी मिनिटभरात शांत होतात, रक्तात काही बदलायच्या कितीतरी आधी. तोंड, घसा, घोट मोजले जातात आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. अंदाज नसता तर आपण रक्त पातळ होईपर्यंत पीतच राहिलो असतो आणि गरजेच्या कितीतरी जास्त पाणी पोटात गेलं असतं.

तहानेसोबत दुसरं एक काम चालू असतं, हायपोथॅलॅमस व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सोडून किडनीला सांगतो की पाणी धरून ठेव, म्हणूनच कमी पाणी प्यायल्यावर लघवी गडद होते.

वयस्कर माणसांना तहान कमी का लागते?

वयानुसार ही तहानेची जाणीव बोथट होते, रक्त दाट झालं तरी हवी तेवढी तहान लागत नाही आणि किडनीही पाणी पूर्वीसारखं धरून ठेवत नाही. घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल तर "तहान लागेल तेव्हा पितील" यावर सोडू नका, विशेषतः उन्हाळ्यात आणि जुलाब होत असताना, मधूनमधून हातात पेला द्या. (ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलंय त्यांनी ते मापच पाळायचं.)

शाळेत भुकेचं केंद्र आणि तृप्तीचं केंद्र शिकलो होतो, ते चूक होतं का?

चूक नाही, अर्धवट होतं. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या मधल्या भागात इजा केली तर उंदीर प्रचंड लठ्ठ झाले. १९५१ मध्ये बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी बाजूच्या भागात इजा केली तर उंदरांनी खाणंच सोडलं. त्यावरून मध्ये तृप्ती आणि बाजूला भूक असं सोपं चित्र तयार झालं. आनंद त्यावेळी अमेरिकेत येल विद्यापीठात होते, नंतर त्यांनी दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला.

पुढे कळलं की बाजूच्या त्या भागात भुकेपेक्षा बरंच काही आहे. तिथे ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी असतात, ते १९९८ मध्ये सापडलं, आणि नावच भुकेच्या ग्रीक शब्दावरून ठेवलं. पण २००० मध्ये दिसलं की ज्यांना नार्कोलेप्सी आहे, म्हणजे दिवसा बोलता बोलता झोप कोसळते, त्यांच्या मेंदूत याच पेशी बहुतेक सगळ्या नष्ट झालेल्या असतात. मग लक्षात आलं की ओरेक्सिनचं मोठं काम आपल्याला जागं ठेवणं हे आहे. आणि विचार केला तर ते एकत्र असणं बरोबरच आहे, भुकेला प्राणी झोपून राहिला तर अन्न शोधणार कोण.

हायपोथॅलॅमस म्हणजेच आनंदाचं केंद्र का?

नाही. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत तारा घालून, कळ दाबली की स्वतःलाच विजेचा हलका झटका बसेल अशी सोय केली, आणि उंदीर ती कळ दाबतच राहिले. नंतर हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात तार असली की हे सगळ्यात जोरात दिसायचं. तेव्हा सगळ्यांनी त्याला आनंद म्हटलं. आता बहुतेकांचं मत असं आहे की हवंहवंसं वाटणं वेगळं आणि मिळाल्यावर छान वाटणं वेगळं. तिथून डोपामिनच्या पेशींकडे जाणारा रस्ता हा जास्त करून "हवंय, हवंय" चा आहे. एखादी गोष्ट हातात येऊन विशेष काही वाटत नाही तरी परत परत ओढ लागते, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना हा फरक लगेच कळेल.

डाएट केलं की भूक पूर्वीपेक्षा जास्त का लागते?

कारण हायपोथॅलॅमसच्या दृष्टीने तुम्ही डाएटवर नाही, दुष्काळात आहात. खाणं कमी केलं की लेप्टिन काही दिवसांतच घसरतं, वजन उतरायच्या कितीतरी जास्त वेगाने. एजीआरपी पेशींवरचा लगाम सुटतो, ग्रेलिन वाढतं, थायरॉइडचं काम जरा मंदावतं, शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं.

१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन जवळपास पाव भागाने उतरलं. पण मला दरवेळी अडकवून ठेवते ती गोष्ट वेगळीच आहे. ही मुलं मुद्दाम निवडलेली, मनाने पक्की, युद्धात लढायचं नाही या तत्त्वासाठी टीका सोसलेली. आणि त्यांच्या डोक्यात दिवसरात्र फक्त जेवण फिरायला लागलं, ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटाची कड चाटायची, एक जेवण दोन तास पुरवून खायची. बाकी कशात रस उरला नाही. तत्त्वासाठी उभी राहिलेली माणसं होती ती, त्यांच्यात जोर कमी होता असं कोण म्हणेल? वजन कमी करताना डोक्यात खाण्याचेच विचार येतात म्हणून स्वतःला नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रयोग सांगते.

हळूहळू वजन कमी करणं, प्रोटीन पुरेसं घेणं, झोप पूर्ण करणं याने ही ओढ थोडी सुसह्य होते, पण पूर्ण जात नाही, आणि ते माहीत असलेलं बरं असतं.

मग लेप्टिनचं इंजेक्शन का देत नाहीत?

देतात, पण अगदी थोड्यांना. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांबद्दल लिहिलं ज्यांच्या शरीरात जन्मापासून लेप्टिन बनतच नव्हतं, त्यांची भूक कधी भागायचीच नाही. इंजेक्शन सुरू केल्यावर अशा मुलांची भूक उतरली, वजन उतरलं. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असतं, हायपोथॅलॅमस त्याचं ऐकत नाही एवढंच, त्यामुळे वरून अजून दिलं तरी फारसा फरक पडत नाही.

वजन कमी करायची नवी इंजेक्शनं कुठे काम करतात?

सेमाग्लुटाइडसारखी औषधं जीएलपी-१ या आतड्याच्या हार्मोनची नक्कल करतात. पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो हे खरं, पण भूक कमी व्हायचा मोठा भाग मेंदूत, हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या देठात होतो. घेणारे लोक म्हणतात की डोक्यात सतत चाललेली खाण्याची बडबड थांबली, आणि मला ते वर्णन फार बोलकं वाटतं. घ्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं, बंद केल्यावर भूक परत येते हेही धरून.

ठरलेल्या वेळेलाच भूक का लागते?

हायपोथॅलॅमसमध्येच साधारण २०,००० पेशींचं एक घड्याळ आहे, डोळ्यातून येणाऱ्या उजेडावर ते रोज जुळवून घेतं. आणि रोज ज्या वेळेला जेवता त्या वेळेच्या आधी ग्रेलिन आपोआप चढतं. जेवायची वेळ बदलली की पहिले काही दिवस जुन्या वेळेला भूक लागते, मग सरकते, त्यामुळे वेळ बदलायची असेल तर आठवडाभर कळ काढा.

ताप आला की थंडी का वाजते?

हायपोथॅलॅमस तापमानाचं लक्ष्यच वर सरकवतो. जंतुसंसर्गात प्रोस्टाग्लॅंडिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागाला सांगतो की आता ३७ नको, ३९ हवंय. अंग आहे ३७ ला, त्याला वाटतं आपण गार पडलोय, म्हणून कुडकुडायला होतं, पांघरुणात शिरावंसं वाटतं. पॅरासिटामॉल ते लक्ष्य खाली आणतं, मग घाम फुटतो. उष्माघातात मात्र लक्ष्य वर गेलेलं नसतं, शरीरच बाहेरच्या उष्णतेने तापलेलं असतं, म्हणून तिथे या गोळीचा उपयोग नाही, तिथे अंग तातडीने गार करायचं आणि दवाखाना गाठायचा.

स्ट्रेसमध्ये कोणी खातं, कोणाचं जेवण तुटतं, असं का?

हायपोथॅलॅमस स्ट्रेसमध्ये सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो आणि ते सुरुवातीला भूक मारतं. त्यातून पुढे किडनीवरच्या ग्रंथींतलं कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं आणि ते जास्त दिवस चढलेलं राहिलं तर खाण्याची, विशेषतः गोड-तेलकटाची ओढ वाढते. परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही आणि महिनोन्महिने चाललेल्या काळजीत मात्र वजन वाढतं, दोन्ही एकाच यंत्रणेतून. माणसामाणसात फरक असतोच.

बाळ रडलं की आईला पान्हा कसा फुटतो?

हे मला हायपोथॅलॅमसचं सगळ्यात सुंदर काम वाटतं. बाळ ओढायला लागलं की हायपोथॅलॅमसमधल्या ऑक्सिटोसिनच्या पेशी एकदम, एका तालात पेटतात, हार्मोन रक्तात जातं आणि दूध उतरतं. पण काही आठवड्यांत अनेक आयांना बाळाने तोंड लावायची पण गरज राहत नाही, शेजारच्या खोलीतून रडणं ऐकू आलं, कधी दुसऱ्याच बाळाचं, आणि कपडे ओले. पुन्हा तेच, आधीच बांधलेला अंदाज. आई खूप ताणात असेल, दुखत असेल तर ही लाट अडखळते, म्हणून "दूध येत नाही" असं म्हणणाऱ्या आईला आधी निवांतपणा द्या, बोल लावू नका.

पाळी थांबण्याशी याचा काय संबंध?

हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने हार्मोनचे छोटे ठोके देतो आणि त्यावर पाळी चालते. खाणं फार कमी, व्यायाम फार जास्त किंवा ताण मोठा असला की हे ठोके मंदावतात आणि पाळी थांबते, लैंगिक इच्छाही कमी होते. शरीर सांगत असतं की गरोदरपण पेलण्याएवढी शिल्लक नाही. खेळाडू मुलींमध्ये हे बरंच दिसतं आणि "सरावाने होतं असं" म्हणून सोडून दिलं जातं, ते सोडू नका, हाडं ठिसूळ होतात.

हे सगळं उंदरांवरचंच आहे, माणसांचं काय?

माणसाच्या जिवंत मेंदूत एवढ्या खोल आणि लहान भागातल्या एकेक पेशीचं मोजमाप करणं अवघड आहे हे खरं. पण स्कॅनमध्ये ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर काही मिनिटांत हायपोथॅलॅमसची हालचाल कमी झालेली दिसते. त्या भागात ट्यूमर झालेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या काही पेशंटना न भागणारी भूक लागते. आणि भूक पेटवणाऱ्या-शमवणाऱ्या पेशींच्या रस्त्यावरच्या एमसी४आर नावाच्या जीनमध्ये बिघाड असलेली मुलं लहानपणापासून खूप खातात, एकाच जीनमुळे येणाऱ्या लठ्ठपणात हे कारण सगळ्यात जास्त आढळतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

तहान अचानक खूप वाढली आणि लघवीही भरपूर होतेय, रात्रीतून चारचारदा उठावं लागतंय, तर लगेच जा, आधी साखर तपासतील आणि ती नीट असेल तर व्हॅसोप्रेसिनचा विचार करतील. पुरेशी झोप होऊनही दिवसा झोप कोसळते किंवा जोरात हसल्यावर गुडघ्यातून बळ जातं, तर नार्कोलेप्सीबद्दल विचारा. पाळी तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबली तर जा. आणि मूल अगदी लहानपणापासून जेवल्यानंतर लगेच परत मागतंय, लपवून खातंय, अन्नासाठी रडून बेजार होतंय तर त्याला हावरट म्हणायच्या आधी एकदा मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाला दाखवा.